वावडिंगानं पोरीचे जंत जातील का?

करवीर तालुक्यातून लिहितोय. पोरगी ६ वर्षांची. रात्री ढुंगण खाजवत रडते, शौचात पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत दिसले. आई म्हणते, वावडिंगाचं पाणी दे. मिरीएवढे तांबूस दाणे ती चुलीवर उकळायची, तो वास अजून नाकात आहे. देऊ का?

उत्तर १: वावडिंगात एम्बेलिन नावाचं द्रव्य असतं, ते जंतांवर चालतं हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण काढ्यात किती उतरलं, कसं कळणार? चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७२ मध्ये वनस्पतीतून मलेरियावरचं औषध आर्टेमिसिनिन मिळवलं तेही उकळून नव्हे, कमी तापमानाला इथर हे द्रावक वापरून.

उत्तर २: डॉक्टरांना विचारून अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध द्या, घरात सगळ्यांनाच. दोन आठवड्यांनी पुन्हा. नखं कापा, चादरी गरम पाण्यात धुवा.

प्रश्नकर्ता: उद्या सकाळीच आरोग्य केंद्रात नेतो. आईलाही सोबत घेतो.