पुतणीला फॉरवर्डवरनं स्टॉपरला टाकलंय, रडून बेजार. कुठली डिफेंडर दाखवू?

मंगळवारपेठकर:
मंडळी, पुतणी १३ वर्षांची हाय, दोन वर्षं फुटबॉलला फॉरवर्ड, म्हणजे पुढं गोल मारायला खेळती. मागच्या आठवड्यात सरांनी स्टॉपरला, म्हणजे मागं मधोमध बचावाला उभं केलं आणि घरी आली ती शूज पण न काढता जिन्यातच बसली, "मी न्हाई जाणार उद्या, मागं उभं राहून काय करू, नाव तर गोल मारणारीचंच होतंय." आता आमच्या घरात शाहू स्टेडियमची मॅच कुणी चुकवत न्हाई, पण खरं सांगतो, आम्ही पण घरी येऊन गोल कुणी मारला तेवढंच बोलतो, त्यामुळं तिला काय उत्तर द्यावं सुचंना. मागं खेळून नाव काढलेली एखादी बाई खेळाडू सांगा की.

रंकाळाकाठ:
भावा, साकी कुमागाई दाखव. जपानची, साप्पोरोची पोरगी. २०११ च्या वर्ल्ड कपची फायनल, फ्रँकफर्टला, समोर अमेरिका. जपान दोनदा मागं पडलं आणि दोनदा बरोबरी केली, दुसरा गोल जपानच्या सावानं ११७ व्या मिनिटाला मारला, मग अगदी शेवटाला अमेरिकेची मॉर्गन गोलकडं सुटली होती तिला पाडून जपानच्या इवाशिमिझूनं रेड कार्ड घेतलं, ती पण स्टॉपरच. बरोबरी सुटली न्हाई म्हणून टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी किकांवर निकाल, त्यात जपानची चौथी किक मारायला आली कुमागाई, वय २०, समोर अमेरिकेची गोलकीपर होप सोलो, आणि बॉल उंच जाळीत. ३-१, जपानचा पहिला वर्ल्ड कप. त्याच वर्षी मार्चमध्ये तिकडं भूकंप आणि त्सुनामी झालेली, तेव्हा त्या देशाला त्या किकचं काय वाटलं असंल बघ. आणि मारली कुणी, तर स्टॉपरनं!

जुनी_स्टॉपर:
एक दुरुस्ती, ल्यॉनला, म्हणजे फ्रान्समधल्या क्लबला, कुमागाई बऱ्याचदा मिडफिल्डला खेळायची, जपानकडून स्टॉपर. ल्यॉनकडनं सलग ५ चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांचा कप) जिंकल्या, २०१६ ते २०२०, त्यातल्या २०१६ च्या फायनलला पण शेवटची पेनल्टी तिचीच. म्हणजे आज मागं उभं केलं म्हणून जन्मभर तिथंच असं काय नसतंय, हे पोरीला नक्की सांगा. आणि हरलेलं पण सांगा. २०१२ च्या ऑलिम्पिक फायनलला हरले, २०१५ च्या वर्ल्ड कप फायनलला तर ५-२, दोन्हीकडं अमेरिकाच, तरी पुढं कॅप्टन झाली आणि २०१९ ला आशियातली बेस्ट खेळाडू ठरली. आम्ही पोरी कॉलेजला खेळायचो तेव्हा मी पण स्टॉपर होतो. मागनं अख्खं ग्राउंड दिसतं, कोण मोकळी हाय, कोण दमलीया, सगळं, आणि ओरडून टीम हलवायची ती आपणच. फॉरवर्डला पाठीमागचं काय दिसतंय? पहिले १५ दिवस मला पण जड गेले, नंतर पुढं जा म्हटलं तरी गेलो नाही.

मंगळवारपेठकर:
ताई, दादा, लय आभार. रात्री जेवताना मोबाईलवर टायब्रेकर लावला. पोरीनं किक बघितली, मग गप मागं घेऊन परत बघितली, चारदा. म्हटली, "काका, ही खरंच मागं खेळती?" मग त्या रेड कार्डवालीचं पण विचारलं, तिला बाहेर काढलं तर कप द्यायला तरी बोलावलं का म्हणून. सकाळी आपली आपण उठून गेली प्रॅक्टिसला. आता हेडर मारताना डोळे मिटतात म्हणतीया, ताई, ते कसं घालवायचं सांगा.

जुनी_स्टॉपर:
हलका बॉल घ्या, दोन पावलांवरनं हातानं वर टाका आणि कपाळावर घ्यायला सांगा, बॉल लागेपर्यंत नजर बॉलवर. दिवसाला पाच-सहाच, जास्त नको, लहान हाय अजून.