चिपमधला दोष, ठिगळ मात्र कर्नलला. हे किती दिवस?

धागाकर्ता

नवा लॅपटॉप घेतला, लिनक्स चढवलं आणि सवयीने सीपीयूइन्फोची, म्हणजे प्रोसेसरची माहिती देणारी, फाइल उघडली. त्यात 'बग्ज' नावाची, चिपमधल्या माहीत असलेल्या दोषांची, एक ओळ असते. स्पेक्टर_व्ही१, स्पेक्टर_व्ही२, स्पेक_स्टोअर_बायपास... ओळ संपता संपेना. मशीनचं खोकं अजून टेबलावरच होतं. त्यावर यातलं एक अक्षर छापलेलं नाही.

१९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकत होता. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की १.३३३८२ यायला हवं, ती चिप १.३३३७४ द्यायची. आतल्या कोष्टकातल्या काही नोंदी भरायच्याच राहिल्या होत्या. इंटेलने आधी 'ज्याला खरंच गरज आहे त्यालाच बदलून देऊ' असा पवित्रा घेतला. लोक हटले नाहीत. शेवटी डिसेंबरमध्ये मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल करावं लागलं आणि ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला.

आता जानेवारी २०१८ आठवा. मेल्टडाउन, म्हणजे साध्या प्रोग्रॅमला कर्नलची मेमरी वाचू देणारा प्रोसेसरमधला दोष, जाहीर झालं, पण चिप कुणालाही बदलून मिळाली नाही. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्वतःची आणि प्रोग्रॅमची पेज टेबलं (मेमरीच्या पत्त्यांची कोष्टकं) वेगळी केली, त्यामुळे प्रत्येक सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला सांगितलेलं काम, महाग झाला. तो वेग आपण पैसे मोजून घेतलेला होता. रोग रेड्याला, औषध पखालीला!

माझं म्हणणं असं की कर्नल गुपचूप सांभाळून घेतो म्हणून उत्पादकावर दबावच येत नाही. ज्या चिपा आजही विकल्या जात आहेत, त्यांच्यासाठी तोडगा आयता मिळू नये. उत्पादकाने तो स्वतः लिहावा, सांभाळावा, आणि मशीन सुरू होताना वापरणाऱ्याला दोष स्पष्ट दिसावा. हे होत नसेल तर कर्नलने तो कोड घेऊ नये.

ड्रायव्हरवाला

शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध. कोड घेतला नाही तर नुकसान कुणाचं, ते पाहा.

नव्वदच्या दशकात सीएमडी ६४० नावाची डिस्क कंट्रोलर चिप बऱ्याच मदरबोर्डांवर होती. तिचे दोन चॅनेल एकाच वेळी चालले की डेटा बिघडायचा. एरर नाही, इशारा नाही. फाइल उघडायची आणि मधले काही बाइट भलतेच. ड्रायव्हरने, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडने, काय केलं, तर दोन्ही चॅनेलना पाळी लावून दिली: एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. वेग गेला, पण फाइली वाचल्या. हा कोड नाकारला असता तर उत्पादकाला धडा मिळाला असता का? ज्याला आपल्या मदरबोर्डावर कोणती चिप आहे हेही ठाऊक नाही, त्याचा हिशेब मात्र बुडाला असता.

आणि पेंटियमची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. १९९७ साली त्याच पेंटियममध्ये एफ००एफ दोष सापडला. कुठल्याही साध्या प्रोग्रॅमने, कसलेही जादा अधिकार नसताना, एक चुकीची सूचना (प्रोसेसरला दिलेला हुकूम) चालवली की अख्खं मशीन गोठायचं. रीसेटशिवाय इलाज नाही. त्यावर शोधलेला तोडगा मी आजही नव्या मुलांना समजावून सांगतो. ही अवैध सूचना आली की प्रोसेसर इंटरप्टच्या तक्त्यातली (अडचण आली की कुठे जायचं ते सांगणाऱ्या) ६ क्रमांकाची नोंद वाचायला जातो आणि तिथेच अडकतो. म्हणून लिनक्सने तो तक्ता ज्या पानावर आहे ते मेमरीचं पान 'फक्त वाचा' असं करून ठेवलं. ते अडकणारं वाचन लिहिण्याचाही हक्क मागतं, म्हणून आता प्रोसेसरला आधी पेज फॉल्ट (पानाला हात लावायला मनाई) येतो. कर्नल पत्ता पाहतो, सहाव्या नोंदीचा निघाला की समजतो हा कोण ते, आणि तो प्रोग्रॅम बंद करतो. मशीन चालू राहतं. सामायिक सर्व्हर चालवणाऱ्यांना त्या दिवसांत हाच आधार होता.

बी३ वाला

धागाकर्त्याशी सहमत. २००७ साली एएमडीच्या फिनॉम प्रोसेसरमध्ये टीएलबीचा, म्हणजे मेमरीचे पत्ते हाताशी ठेवणाऱ्या छोट्या साठ्याचा, दोष निघाला. बायोसमधून (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून) तोडगा आला, पण त्याने वेग चांगलाच मंदावायचा आणि ते चाचण्यांत उघड दिसत होतं. लोक सरळ थांबले. पुढच्या वर्षी बी३ आवृत्ती दुरुस्त होऊन आली. किंमत डोळ्यांना दिसली की ग्राहक आपोआप बोलतो.

सोल्डर

माझ्या जुन्या लॅपटॉपची मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, बदलता येत नाही. एकच आर्काइव्ह दोनदा उलगडलं तर दोन वेगळे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) यायचे. आधी डिस्कवर संशय घेतला, मग केबलवर. शेवटी रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली. सकाळी पडद्यावर लाल ओळी, सगळ्या एकाच पत्त्याच्या: एक बिट कायम १ वर अडकलेला. बूटच्या ओळीत कर्नलला सांगितलं, या पत्त्याजवळची ६४ केबी वापरू नकोस. तेव्हापासून एकही चेकसम चुकलेला नाही. एवढ्यासाठी आख्खं मशीन भंगारात काढायचं का? मला तरी हे पटत नाही.

धागाकर्ता

सोल्डर, तुमची मेमरी वापरून खराब झाली. तिथे तोडगा हवाच, त्याबद्दल वाद नाही. मी बोलतोय ते जन्मजात दोषाबद्दल, जो विकणाऱ्याला माहीत असतो.

ड्रायव्हरवाले, फाइलींचा मुद्दा मानला. कोड नाकारायचं मागे घेतो. पण उघडपणा सोडणार नाही. १९८७ च्या सुमारास इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरच्या काही चिपांचा ३२ बिटी गुणाकार चुकायचा. इंटेलने तपासणीत नापास झालेल्या चिपांवर '१६ बिट एस/डब्ल्यू ओन्ली' (फक्त १६ बिटी सॉफ्टवेअरसाठी) असा चक्क शिक्का मारला. घेणाऱ्याला कळायचं आपण काय घेतोय. तो शिक्का आज कुठे आहे? सीपीयूइन्फोच्या तळाशी, जिथे हजारात एकजण जात नाही.

ड्रायव्हरवाला

शिक्क्याला माझी हरकत नाही. पण तो खोक्यावर आणि विक्रीच्या पानावर हवा, बूटच्या पडद्यावर नको. तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात, आणि घाबरलेला माणूस नेटवर शोधून 'मिटिगेशन्स=ऑफ' हा सगळे तोडगे बंद करणारा पर्याय टाकून मोकळा होतो. वेग परत मिळतो, संरक्षण जातं. मी अशी दोन मशीन स्वतः पाहिली आहेत, दोन्हींवर इतरांचा डेटा होता.

शिवाय काही दोष लपवणं हेच योग्य असतं. काही एएमडी मशीन झोपेतून उठली की यादृच्छिक संख्या देणारी सूचना नुसते सगळे १ परत द्यायची, वर 'काम झालं' असंही सांगायची. २०१९ मध्ये लिनक्सने अशा प्रोसेसरांवर ती सोय आहे हे प्रोग्रॅमना सांगणंच थांबवलं. प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतंत्रपणे हे ओळखावं अशी अपेक्षा कशी करणार?

धागाकर्ता

खोक्यावरचा शिक्का मला चालेल. पण तो छापायला भाग कोण पाडणार? कर्नलकडे दोषांची यादी तयार आहे, प्रत्येक मॉडेलनिशी. विक्रीच्या पानांसाठी ती यादी वाचता येईल अशा रूपात बाहेर काढायला मी सुरुवात करतोय. तोडग्याने वेग किती जातो, ते आकडे तुमच्यासारख्यांकडून हवेत.

ड्रायव्हरवाला

डिस्क कंट्रोलरचे माझ्याकडे आहेत. पाठवतो.