सीमा सुरक्षा दलाला जाब कोण विचारतो?

कोयनाकाठ: ११ ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने केंद्राने पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये सीमा सुरक्षा दलाचे अधिकारक्षेत्र सीमेपासून १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटरवर नेले, गुजरातमध्ये ते ८० वरून ५० वर आणले. पंजाब व बंगालच्या विधानसभांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये विरोधाचे ठराव केले, तरी अधिसूचना कायम राहिली. मग या ठरावांना कायद्याने किंमत किती? आणि संसदेचे यावर नियंत्रण नेमके कसे चालते? आमच्या भागातली कितीतरी मुले या दलात आहेत, म्हणून मनापासून विचारतो आहे.

जुना वकील: सीमा सुरक्षा दल अधिनियम, १९६८ चे कलम १३९ पाहावे. केंद्रीय कायद्यांखालचे अटक, झडती व जप्तीचे अधिकार जवानांना देण्यास केंद्राचा आदेश पुरतो. राज्याच्या कायद्याखालचे अधिकार द्यायचे असतील तरच राज्याची सहमती लागते. त्यामुळे विधानसभेच्या ठरावाने आदेश रद्द होत नाही, आणि म्हणूनच पंजाबला राज्यघटनेच्या अनुच्छेद १३१ खाली (केंद्र-राज्य वाद थेट तिथे नेण्याची तरतूद) सर्वोच्च न्यायालयात दावा लावावा लागला. संसदेचे म्हणाल, तर आदेश दोन्ही सभागृहांच्या पटलावर एकूण ३० दिवस ठेवावा लागतो आणि दोन्ही सभागृहे सहमत झाली तरच तो बदलतो किंवा रद्द होतो. माझा आक्षेप इथेच आहे: कोणी प्रस्तावच आणला नाही, तर एका शब्दाचीही चर्चा न होता मुदत सरते.

माजी सीमा प्रहरी: वकीलसाहेब, एक गोष्ट जोडतो. या अधिसूचनेने दलाला तपास करून आरोपपत्र ठेवण्याचा अधिकार मिळालेला नाही. पकडलेला माणूस जप्तीच्या यादीसह स्थानिक ठाण्याच्या हवाली करावा लागतो. पण मी बंगाल सीमेवर होतो तिथले सांगतो. कुंपण सीमारेषेच्या बरेच अलीकडे आहे आणि कित्येकांची शेते पलीकडे. सकाळी शेतकरी फाटकावर ओळखपत्र जमा करतो, वहीत नाव लिहवतो, विळा आणि पाण्याची बाटली घेऊन जातो, आणि फाटक बंद होण्याच्या आत परततो. फाटक उशिरा उघडले तर तो दाद मागणार कंपनी कमांडरकडे, म्हणजे फाटक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याचकडे. नोकरीत असताना मला हे कधी खटकले नाही, आता खटकते.

सभापटल: गंभीर प्रकरणांतही तेच घडते. जानेवारी २०११ मध्ये कूचबिहार सीमेवर कुंपण ओलांडणारी १५ वर्षांची बांगलादेशी मुलगी गोळी लागून मेली. खटला दलाच्याच न्यायालयात चालला आणि २०१३ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये गोळी झाडल्याचा आरोप असलेला दलाचा जवान निर्दोष ठरला. एरवी नागरिकाच्या खुनाचा खटला या न्यायालयापुढे चालत नाही, परंतु सीमा सुरक्षा दल अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये ‘सक्रिय कर्तव्या’चा, म्हणजे सीमेवरील गस्तीसारख्या कामाचा, अपवाद आहे. मानवी हक्क आयोगालाही १९९३ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार सशस्त्र दलांबाबत केंद्राकडून अहवाल मागवून शिफारस करण्यापलीकडे जाता येत नाही. गृह विभागाशी संबंधित ३१ सदस्यांची संसदीय स्थायी समिती अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्याच्या खर्चाचे प्रस्ताव, तपासते, पण दैनंदिन कारभार तिच्या कक्षेबाहेर आहे आणि तिच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. माझ्या मते कलम १३९ मध्येच दुरुस्ती हवी: ठरावीक मुदतीत दोन्ही सभागृहांनी मतदानाने मान्यता दिली नाही, तर असा आदेश आपोआप संपुष्टात यावा.