मदत हवी आहे: भंगारातल्या सामानाने सजवलेलं आर्केड (व्हिडिओ गेमचं कॅबिनेट), मार्की नीट उजळत नाही आणि व्हिनाइल फुगतंय

कोपऱ्यातलं_आर्केड
उभ्याने खेळायचं कॅबिनेट तयार आहे, खेळ चालतात, तो भाग सोडा. सजावटीत अडलंय. मार्कीला, म्हणजे वरच्या उजळणाऱ्या पाटीला, जुन्या बॅनरचा फ्लेक्स ताणून मागे एलईडी पट्टी लावली, तर मधोमध एक पांढरट रेघ दिसते आणि वर-खाली अंधार. बाजूच्या फळ्यांवर चिकटवलेलं व्हिनाइलही (प्लास्टिकचा स्टिकर) फुगे धरतंय, खालच्या फुटभरात जास्त. सामान जुनंच वापरायचं आहे, नवा प्लाय आणा असं कृपया सांगू नका. रविवारपर्यंत उभं करायचंय. काय करू?

साइनबोर्डवाला
मार्कीचं माप? खोक्याची खोली? पट्टीच्या ओळी किती? फ्लेक्सची मागची बाजू पांढरी की करडी? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

सुतारकी
आणि फळ्या कुठल्या? कॅबिनेट भिंतीला टेकलंय का? ती भिंत बाहेरची आहे का?

जामा५६
वायरिंग करताना जामा कनेक्टरच्या (खेळाचा बोर्ड कॅबिनेटला जोडणारा) ५६ पिना दोन बाजूंना २८-२८ असतात. एक बाजू सोल्डरची, दुसरी पार्ट्सची. बोर्ड उलटा खोचला तर तो जळू शकतो, म्हणून चावीच्या खाचेत प्लास्टिकचा तुकडा बसवाच.

कोपऱ्यातलं_आर्केड
@जामा५६ वायरिंग झालंय हो, खेळ चालतात म्हटलं ना.
मार्की २४ बाय ६ इंच, खोली दीड इंच, पट्टीची एकच ओळ. फ्लेक्स मागून करडा आहे. फळ्या प्रदर्शनाच्या स्टॉलच्या, १८ मिमी. हो, भिंतीला टेकलंय, भिंत बाहेरची. त्याचा काय संबंध?

साइनबोर्डवाला
मागून करडा फ्लेक्स उजेड अडवण्यासाठीच बनवतात, त्यामागे कितीही एलईडी लावा, उपयोग नाही. दुकानाच्या काढून टाकलेल्या ग्लो साइनचा फ्लेक्स किंवा दुधी अॅक्रिलिक शोधा, ३ मिमी पुरे. जुनी अक्षरं हेअर ड्रायरने गरम करून सोला. मात्र बरीच वर्षं उन्हात राहिलेल्या अॅक्रिलिकवर अक्षरांची सावली उरते, कारण आजूबाजूचा भाग पिवळा पडलेला असतो आणि अक्षरांखालचा पांढराच राहतो. ती पुसून जात नाही. बोर्डाचा कोरा भाग कापून घ्या.

पट्टी: मीटरला ६० एलईडीवाली ५०५० (५ बाय ५ मिमीचे एलईडी) असेल तर ६० सेंमीच्या तीन ओळी करा, खालच्या कडेपासून १, ३ आणि ५ इंचांवर. दर तिसऱ्या एलईडीनंतर जी खूण असते तिथेच कापायची. एकूण १.८ मीटर, मीटरला सुमारे १४.४ वॅट धरले तर २६ वॅट होतात, १२ व्होल्टचा ३ अँपिअर अॅडॅप्टर चालेल. ओळींमध्ये २ इंच अंतर आहे म्हणून खोलीही निदान २ इंच हवी, नाहीतर तीन रेघा दिसतील. आतून पांढरा मॅट रंग मारा.

रेणुका_स
खोली वाढवायची गरजच नाही. स्क्रीन फुटलेला एलईडी टीव्ही भंगारवाल्याकडे मिळतो. काचेमागे पातळ फिल्म्स असतात, त्यांच्यामागे दीड-दोन मिमीची कडक दुधी शीट. तीच शीट आणि तिच्यावरची एक फिल्म मार्कीमागे लावा. दीड इंचातही उजेड एकसारखा पसरतो. कापताना मास्किंग टेप लावून बारीक दातांचं पातं चालवा, घाई केली तर कड तडकते. त्याआधीचे, ट्यूबवाले एलसीडी उघडू नका, त्या बारीक नळ्यांत पारा असतो.

साइनबोर्डवाला
शीट चांगलीच असते, पण एका ओळीवर ती मदत करणार नाही. ६ इंच उंचीत वर-खाली उजेड पोचलाच नाही तर शीट पसरवणार काय? ओळी तीनच लागतील.

रेणुका_स
तीन ओळी मान्य. फक्त खोकं उकलायला लावू नका एवढंच म्हणणं.

मनोज_ठाणे
त्याच टीव्हीतल्या एलईडी पट्ट्या वापरा की, फुकट!

रेणुका_स
@मनोज_ठाणे नको. त्या १२ व्होल्टच्या नसतात. एकेक एलईडी ३ किंवा ६ व्होल्टचा, सगळे ओळीने जोडलेले, आणि त्यांना स्थिर करंट देणारा ड्रायव्हर लागतो. पूर्ण साखळीचं व्होल्टेज शंभरच्या पुढे जाऊ शकतं. हाताशी असलेली पट्टीच बरी.

सुतारकी
आता फुग्यांचं. खालच्या फुटभरात जास्त म्हणजे बाहेरच्या भिंतीजवळची ओल खालून वर चढतेय. व्हिनाइल समोरून वाफ जाऊ देत नाही, प्लायची कापलेली खालची कड मात्र उघडी, ती पाणी पीत राहते. मग वाफ अडकते आणि चिकट थर सुटतो.

आधी बोटाच्या पेराने फळी वाजवा. पोकळ आवाज आला तर प्लायचा पदर सुटलाय, तिथे सिरिंजने पातळ केलेला फेव्हिकॉल भरा आणि वजन ठेवून रात्रभर दाबा. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा आहे, आधी त्याचं औषध. मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी, ती फळी घरात ठेवू नका.

मग व्हिनाइल कोमट करून काढा. स्टॉलच्या फळ्यांवर जुन्या फेव्हिकॉलच्या गाठी असतात, त्या पटाशीने खरवडा. पॉलिश पेपर आधी १२०, मग २२०. रंगवलेली जुनी फळी असेल तर कोरडी घासू नका, ओलसर घासा, तोंडाला मास्क लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. मग वुड प्रायमरचे दोन हात, आणि खालच्या कडेला तीन. व्हिनाइल लावण्याआधी एक दिवस सुकू द्या. खाली रबरी बूट ठोका, भिंतीपासून २ इंच सोडा. यातलं सुकणं धरलं तर रविवार जमणार नाही. मार्की रविवारी लावा, बाजू पुढच्या आठवड्यात.

मनोज_ठाणे
स्क्रीन कुठली? जुना, मोठ्या पिक्चर ट्यूबवाला टीव्ही असेल तर सजावटीला रेडिओचे स्पीकर शेजारी लावू नका, चुंबकामुळे कोपऱ्यात रंगाचे डाग पडतात. खेळाचा अनुभव ट्यूबवरच खरा, १९८० च्या काळातले खेळ त्यासाठीच काढलेले.

रेणुका_स
ट्यूबवाला असेल तर मागचं झाकण उघडून सजवू नका. बंद केल्यानंतरही अॅनोडला, म्हणजे ट्यूबच्या जोडटोकाला, हजारो व्होल्ट राहू शकतात.

कोपऱ्यातलं_आर्केड
एलसीडी मॉनिटर आहे. स्पीकरची जाळी जुन्या रेडिओची, चुंबक नाही. तीन ओळी आज करतो. अॅडॅप्टर मार्कीच्या खोक्यात ठेवला तर?

साइनबोर्डवाला
नाही, खाली ठेवा. २६ वॅटचा उजेड आणि वर अॅडॅप्टरची उष्णता, बंद लाकडी खोक्यात पट्टीचा गोंद सुटतो. पट्टी जुन्या स्लायडिंग खिडकीच्या अॅल्युमिनियम पट्टीवर चिकटवा आणि मागे वरच्या बाजूला २० मिमीची तीन भोकं पाडा.