लिनक्स मिंट: बूट मेनूनंतर मॉनिटरवर 'नो सिग्नल', नोमोडसेट दिल्यास चित्र येते, पण १०२४ × ७६८ च्या पुढे जात नाही

गिरगावची_मुक्ता (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांचा घरचा संगणक बऱ्याच वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेला आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते आणि देखभाल खर्चाचे हिशेब ते त्यावरच मराठीत ठेवतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून आम्ही लिनक्स मिंट २२ बसवण्याचे ठरवले.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर मिंटचा मेनू स्वच्छ दिसतो. पहिला पर्याय निवडला की बोधचिन्ह क्षणभर दिसते, मग मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी पाटी येते आणि त्याचा निळा दिवा नारिंगी होतो. संगणक मात्र थांबलेला वाटत नाही, कारण कॅप्स लॉक दाबले की कीबोर्डवरचा दिवा लागतो आणि विझतो. मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडल्यावर चित्र आले आणि मिंट पूर्ण बसलेही. परंतु बसवलेली प्रणाली सुरू करताना पुन्हा तोच प्रकार होतो. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत 'ई' दाबून, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा पर्याय लिहून एफ१० दाबले, तरच डेस्कटॉप दिसतो. तेव्हा रेझोल्यूशन १०२४ × ७६८ एवढे एकच मिळते, अक्षरे आडवी ताणली जातात आणि जोडाक्षरे वाचताना वडिलांच्या डोळ्यांवर ताण येतो.

प्रोसेसर एएमडी एफएक्स मालिकेचा आहे आणि त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. कार्ड एनव्हिडिया जीटी ७१० असून त्यावर एचडीएमआय आणि डीव्हीआय अशी दोनच पोर्ट आहेत. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ × ७६८ चा आहे आणि त्याला फक्त व्हीजीए आहे, म्हणून मध्ये एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर लावलेला आहे. विंडोजमध्ये याच जोडणीवर चित्र येत होते. नवीन कार्डावर पैसे खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते मला समजून घ्यायचे आहे.

माहीमकर_अविनाश

मुक्ताताई, जीटी ७१० हे कार्ड केप्लर पिढीतले आहे आणि त्या पिढीसाठी एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरची ४७० ही मालिका लागते. त्यानंतरच्या मालिकांनी केप्लरचा आधार काढून टाकला आहे. नोमोडसेट देऊन डेस्कटॉपवर जा, मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, यादीत ४७० दिसल्यास तो निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा. बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही केलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' हा पर्याय येतो. तो पर्याय तसाच सोडून पुढे गेल्यास ड्रायव्हर बसूनही लोड होत नाही, हे लक्षात असू द्या.

पार्ल्याची_मेधा

अविनाश यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण ड्रायव्हर बदलण्याची पायरी एवढ्यात घेऊ नये असे माझे मत आहे. चित्र नेमक्या कोणत्या टप्प्यावर जाते हे ठरण्याआधी ड्रायव्हर बदलला, तर दोष एकाचे दोन होतात आणि मग कोणता कशामुळे, हे शोधणे कठीण होते.

संगणक सुरू होताना पडद्याचा ताबा तीन जणांकडे क्रमाने जातो. बायोस किंवा यूईएफआय आणि ग्रब यांचे चित्र कार्डावरच्या फर्मवेअरच्या आधारे येते. त्यानंतर लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः कार्डाचा ताबा घेतो, पडदा किती रुंद आणि किती उंच हे ठरवतो आणि मोड बदलतो. या कामाला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. शेवटी डेस्कटॉप येतो. तुमच्या संगणकावर मेनू दिसतो आणि चित्र कर्नलच्या टप्प्यावर जाते. नोमोडसेट दिल्यावर कर्नल हा ताबा घेतच नाही आणि फर्मवेअरने मांडलेले चित्र जसेच्या तसे पुढे वापरतो, म्हणून पडदा दिसतो. पण फर्मवेअरने १०२४ × ७६८ मांडलेले असल्यामुळे त्यापुढे जाता येत नाही. तुम्हाला जे दोन त्रास वाटत आहेत, त्यांपैकी दुसरा हा पहिल्यावरच्या तात्पुरत्या उपायाचा परिणाम आहे.

आता तुमच्या वर्णनातला सर्वांत मोलाचा तपशील, म्हणजे 'नो सिग्नल' ही पाटी. पडदा काळा असूनही मागचा उजेड चालू राहिला असता, तर संदेश पोहोचतो आहे पण त्यात चित्र नाही, असा अर्थ निघाला असता आणि संशय डेस्कटॉपवर किंवा ड्रायव्हरच्या बिघाडावर गेला असता. 'आउट ऑफ रेंज' असे आले असते, तर मॉनिटरला न झेपणारा मोड पाठवला जात आहे असे म्हणता आले असते. 'नो सिग्नल' येऊन मॉनिटर झोपी जातो, याचा अर्थ कार्डाने त्या पोर्टमधून काही पाठवणेच बंद केले आहे. कॅप्स लॉकचा दिवा प्रतिसाद देतो, म्हणजे कर्नलही जिवंत आहे. तेव्हा कर्नलने ते पोर्ट मुद्दाम बंद केले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते, आणि मॉनिटर जोडलेलाच नाही अशी त्याची समजूत झाली की तो तसे करतो.

अशी समजूत होण्याचे कारण बहुधा तुमचा कन्व्हर्टर असावा. प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाचा १२८ बाइटचा माहितीचा तुकडा असतो आणि मॉनिटरला कोणते मोड चालतात हे त्यात लिहिलेले असते. व्हीजीए केबलमध्ये ही माहिती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. साधा कन्व्हर्टर चित्र पुढे नेतो, पण ही माहिती मागे आणण्यात कमी पडू शकतो; कधी केबलमधली एखादी पिन तुटलेली असते, कधी आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेने पिनांवर गंज चढलेला असतो. मिंटमध्ये आपोआप लागणारा नूव्हो हा ड्रायव्हर डिजिटल पोर्टवर ईडीआयडी वाचता आले तरच मॉनिटर जोडलेला आहे असे धरतो. विंडोज अशा वेळी मॉनिटरला 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असे नाव देऊन ठरावीक मोडवर चित्र पाठवत राहते, आणि त्यामुळे हा दोष तिथे वर्षानुवर्षे झाकलेला राहू शकतो.

पडताळणी सोपी आहे. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टर काढून संगणक थेट टीव्हीला जोडा आणि नोमोडसेट न देता सुरू करा. चित्र आले तर कार्ड आणि नूव्हो दोन्ही निर्दोष ठरतात. त्याच वेळी टर्मिनल उघडून /सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरात पाहा. प्रत्येक पोर्टसाठी तिथे एक उपफोल्डर असतो आणि त्यात 'स्टेटस' व 'ईडीआयडी' या फायली असतात. ईडीआयडीचा आकार फायलींच्या यादीत नेहमी शून्यच दिसतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. 'कॅट' ने ती वाचून 'डब्ल्यूसी -सी' ने बाइट मोजा. टीव्ही जोडलेला असतानाच ओपनएसएसएच सर्व्हर बसवून ठेवलात, तर पुढे कन्व्हर्टर लावून पडदा काळा झाला तरी घरातल्या दुसऱ्या संगणकावरून त्याच फायली वाचता येतील.

गिरगावची_मुक्ता

मेधाताई, तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच सर्व केले. टीव्हीला थेट जोडल्यावर नोमोडसेटशिवाय मिंट १९२० × १०८० वर सुरू झाले, स्टेटसमध्ये 'कनेक्टेड' आले आणि ईडीआयडी २५६ बाइटचे निघाले. नंतर कन्व्हर्टर लावून दुसऱ्या संगणकावरून पाहिले असता स्टेटसमध्ये 'डिस्कनेक्टेड' होते आणि ईडीआयडीमध्ये एकही बाइट नव्हता. विंडोजमध्ये मॉनिटरच्या नावाच्या जागी तुम्ही लिहिलेले तेच नाव दिसत असे, हे वडिलांनाही आठवते.

आता कर्नलला सक्तीने ते पोर्ट चालू ठेवायला सांगावे, की कन्व्हर्टर बदलावा? आणि बदलायचा झाल्यास दुकानात काय पाहून घ्यावे?

पार्ल्याची_मेधा

टीव्हीचे २५६ बाइट म्हणजे मूळ १२८ आणि त्याला जोडलेला १२८ चा विस्तार. ते अपेक्षितच आहे. कर्नलला 'व्हिडिओ=' हा पर्याय देऊन पोर्ट सक्तीने चालू ठेवता येते, पण मॉनिटरविषयीची माहिती तरीही येत नाही आणि प्रत्येक मोड हाताने सांगावा लागतो. हा संगणक वडील रोज एकटे वापरणार असतील तर हा मार्ग मी सुचवणार नाही. कन्व्हर्टर बदला.

घेताना वीज वेगळी घेणारा, म्हणजे बाजूला छोटे यूएसबी किंवा मायक्रो यूएसबीचे तोंड असलेला घ्या. एचडीएमआय पोर्टने ५ व्होल्टवर निदान ५५ मिलिअँपिअर पुरवावेत एवढीच मानकाची अट आहे, आणि कन्व्हर्टरमधल्या चिपला बहुधा त्याहून जास्त लागते. शक्य असल्यास मॉनिटर आणि त्याची व्हीजीए केबल दुकानात नेऊन तिथेच लावून पाहा. केबलच्या दोन्ही टोकांच्या पिना आधी नीट तपासा, कारण दोष केबलमध्ये असेल तर नवा कन्व्हर्टरही उपयोगी पडणार नाही. व्हीजीएच्या तोंडात ९ क्रमांकाची पिन मुळातच नसणे पुष्कळ केबलांत आढळते, तिची काळजी करू नका.

माहीमकर_अविनाश

कन्व्हर्टरच कारण ठरला असेल तर ४७० ड्रायव्हरची गरज राहत नाही. हिशेब, पत्रव्यवहार आणि ब्राउझर यांसाठी नूव्हो पुरेसा आहे. शिवाय जुन्या मालिकेचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नल बदलल्यावर नव्याने जुळवावा लागतो, आणि ती जुळणी फसली तर पडदा पुन्हा काळा होतो. वडिलांना ते सांभाळायला लावण्यात अर्थ नाही.

गिरगावची_मुक्ता

यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर आणला आणि जुनी केबल तीच ठेवली. नोमोडसेटशिवाय मिंट थेट सुरू होते, स्टेटस 'कनेक्टेड' आहे आणि ईडीआयडी १२८ बाइटचे येते. मात्र डिस्प्लेच्या यादीत १३६६ × ७६८ नसून १३६० × ७६८ आहे. अक्षरे ताणलेली नाहीत, पण उभ्या रेषा किंचित मऊ वाटतात.

पार्ल्याची_मेधा

१३६६ या आकड्याला ८ ने भाग जात नाही, आणि मोड ठरवण्याची जुनी सूत्रे रुंदी ८ च्या पटीत धरतात, म्हणून कन्व्हर्टर अनेकदा १३६० देतात. मॉनिटरच्या बटणांतून 'ऑटो ॲडजस्ट' चालवा आणि मग 'फेज' एकेक अंशाने बदलत, पडद्यावर मराठी मजकूर उघडा ठेवून, जोडाक्षरांचे उभे दंड सर्वांत रेखीव दिसतील तिथे थांबा. जोडणी ॲनालॉग असल्यामुळे या समायोजनाने खरोखर फरक पडतो.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. कम्पॅटिबिलिटी मोडमधून मिंट बसवल्यावर नोमोडसेट कधीकधी कायमच्या सेटिंगमध्ये उतरलेले असते. तुमच्या बाबतीत ते हाताने लिहावे लागत होते, म्हणजे तसे झालेले नसावे. तरीही /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडून पाहा, तो शब्द असल्यास काढा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. त्यानंतर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ग्राफिक्सच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' असे नाव दिसता कामा नये. ते दिसले तर चित्र काढण्याचे काम अजूनही कार्डाऐवजी प्रोसेसरच करतो आहे, आणि तसे असल्यास ती संपूर्ण ओळ इथे लिहा.