हॉप्लाइट (प्राचीन ग्रीक ढाल-भालेवाला शिपाई) व्हायचंय, बजेट ३५० पौंड. आधी काय घेऊ?

निशाचर_लीड्स: इथल्या रीएनॅक्टमेंट (जुन्या लढाया वठवणाऱ्या) गटात नाव घातलंय. काळ अथेन्स-स्पार्टाच्या पेलोपोनेशियन युद्धाचा, इ.स.पू. ४३१ ते ४०४. ढाल, भाला, शिरस्त्राण, सगळं ३५० पौंडांत बसवायचंय. वापरलेलं चालेल.

तात्या_म्युनिक: ३५० मध्ये नुसते ग्रीव्ह्जही (नडगीचे पत्रे) येणार नाहीत हो. माझं चेहरा-कान झाकणारं कोरिंथियन शिरस्त्राण हाताने ठोकलेलं, अस्सल ब्राँझ, ९०० युरो. घ्यायचं तर एकदाच घ्या.

वेताळ: तात्या, त्या युद्धापर्यंत कोरिंथियन मागे पडलं होतं. पिलोस घ्या. साधी शंकूसारखी टोपी, स्वस्त, आणि कानाने ऐकूही येतं.

तात्या_म्युनिक: फोटोत माझंच उठून दिसतं.

मधुरा_के: आधी ढाल. व्यास साधारण ९० सेंमी, वजन ६-८ किलो, पण खोलगटच हवी, म्हणजे काठ खांद्यावर टेकतो आणि भार हातावर येत नाही. मधल्या पोर्पॅक्समधून, म्हणजे हाताच्या कड्यातून, हात कोपरापर्यंत जातो, तो स्वतःच्या मापाचा करून घ्या. मला विकणाऱ्याने ‘एकच माप सगळ्यांना’ म्हणून दिला. पहिल्याच कवायतीत कोपर सोलून निघालं.

गप्पिष्ट: +१, आधी ढाल. आणि लिननचे थर गोंदाने चिकटवून चिलखत घरीच करा.

वेताळ: गोंदाला पुरावा काय? एकही लिनोथोरॅक्स (असलं लिननचं चिलखत) सापडलेला नाही. शिवा. लीड्सच्या पावसात गोंद लिबलिबीत होईल.

गप्पिष्ट: मेण लावायचं की!

साडू_नंबर_१: माझ्या साडूने देहरादूनहून सगळं मागवलं. निम्म्यात पडलं, पण कस्टमवाल्यांनी वसूल केलं.

तात्या_म्युनिक: ढालीवर स्पार्टाचा लॅम्डा (Λ हे ग्रीक अक्षर) काढा. भारी दिसतो.

मधुरा_के: बजेट ३५० आहे, कोणी वाचलं का?

निशाचर_लीड्स: सगळ्यांचे आभार. ठरलं, हॉप्लाइट होतच नाही. पेल्टास्ट होतोय. वेताची चंद्रकोरी ढाल, वर बकऱ्याचं कातडं, तीन फेकभाले. २०० च्या आत. गटात हॉप्लाइट रग्गड आहेत, भाले फेकणारं कोणी नाही.

तात्या_म्युनिक: अरेरे! टोपली घेऊन लढणार?

वेताळ: तात्या, इ.स.पू. ४२५ साली स्फाक्टेरिया बेटावर अथेन्सच्या असल्याच टोपलीवाल्यांनी आणि तिरंदाजांनी लांबून मारून मारून स्पार्टनांना शरण आणलं. तेव्हा लुटलेली एक ढाल अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे.

तात्या_म्युनिक: ब्राँझचीच ना?