पहिल्या सत्रातच साहसी शिबिर सक्तीचं करावं का?

कातळवाट:
नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात निम्म्या जागा परराज्यांतल्या मुलांच्या. इतर कॉलेजांतही तेलुगू, हिंदी, ईशान्येकडची पोरं एकाच मजल्यावर राहतात, पण मेसमध्ये टेबलं वेगळी. माझं स्पष्ट मत आहे, थंडी पडली की सगळ्यांना दोन दिवस डोंगरावर न्या.

गेल्या हिवाळ्यात एका शिबिरात मी दोर सांभाळायला होते. इम्फाळचा मुलगा कातळावर अडकला, पाय लटपटत होते. खाली बिले द्यायला, म्हणजे तो निसटला तर दोराने धरून ठेवायला, गोंदियाची मुलगी. पाच मिनिटं तिने ब्रेकच्या दोरावरचा हात हलवला नाही की वरची नजर काढली नाही. रात्री दोघं एकाच पंगतीत होते.

१९५४ साली मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या शिबिरात हेच पाहिलं. मुलांच्या दोन गटांतलं वैर एकत्र जेवू घालून गेलं नाही. बंद पडलेलं पाणी आणि अडलेला ट्रक यांसाठी सगळ्यांना राबावं लागलं, तेव्हा ते ओसरलं.

वर्धा रोड:
शेरीफची सगळी मुलं गोरी, प्रोटेस्टंट, मध्यमवर्गीय होती. भाषेची, खाण्यापिण्याची दरी तिथे नव्हतीच. तो दाखला इथे कसा चालेल? आपल्याकडे बसमध्ये चढतानाच जोड्या ठरतात, तंबूही त्याच जोड्यांचे. ज्याला उंचीची भीती वाटते त्याची चारचौघांत शोभा होते, तो आणखी कोपऱ्यात जातो. शिवाय फी? त्यापेक्षा रूमचं वाटप बदला, वर्षभर एकत्र राहतील.

रामटेकवाला:
सक्ती कायले पाहिजे भाऊ? आमच्या ट्रेकमध्ये सगळ्यात जास्त बोलणं रोडगे भाजताना झालं. विजयवाड्याचा पोरगा गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून रोडगे काढून राख झटकत होता, अन् बाकीचे वांग्याच्या भाजीत तिखट किती टाकायचं यावर भांडून राहिले होते. चढाई ज्याले जमते त्यानं करावी, चुलीपाशी मात्र सगळ्यांची पाळी लावा.

कातळवाट:
वर्धा रोड, ती मुलं एकसारखी होती म्हणूनच तो प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. काही फरक नसताना नुसत्या रस्सीखेच आणि बेसबॉलच्या चुरशीने ती एकमेकांची वैरी झाली. आपली शिबिरं तर विभागवार रस्सीखेचीनेच सुरू होतात! ती आधी बंद करा. तंबूंच्या मिसळलेल्या याद्या बस सुटायच्या आधी लावा. ज्याला चढायचं नाही त्याच्याकडे दोर, नकाशा, प्रथमोपचार द्या. ही कामंही तितकीच जोखमीची आहेत. चुलीची पाळी मान्य.

वर्धा रोड:
मग तोच गट सत्रभर प्रयोगशाळेतही एकत्र ठेवा आणि खर्च कॉलेजने उचलावा. हे दोन्ही लेखी मिळालं तर माझा विरोध नाही. नुसत्या दोन दिवसांच्या शिबिराला मात्र आहे.